तिसरा टिकत नाही

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, सकाळी सव्वासातला,
आसाराम बडे गाडी लावून उतरला आणि म्हणाला,
"तिसरा टिकत नाही."
एवढंच. जसं कुणी म्हणावं, पोरगं शाळेत टिकत नाही.

मी विचारलं, चढाला की उताराला?
"उताराला. खंबाटकी उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला
की खट्. दांडा आपोआप न्यूट्रलला.
मागं एकवीस टन."
एकवीस टन त्यानं असं म्हटलं
की बाकड्यावर चहा पिणारे दोघं गप्प झाले.

पेटीला लगेच हात लावायचा नाही.
पहिल्या महिन्यात लतीफ उस्तादनं एवढंच शिकवलं,
माझ्या हातातला पाना काढून घेऊन.
आधी इंजिन बंद ठेव, सगळे गिअर टाकून बघ.
बंद गाडीत सरळ पडतात, चालूत करकरतात,
तर पेटीवर आळ घेऊ नकोस, क्लच पुरता सुटत नाहीये.
न्यूट्रलला घूं घूं, आणि क्लच दाबला की शांत,
तर पुढचं बेअरिंग बोलतंय.
आणि काहीच सापडलं नाही तर ड्रायव्हरला विचार,
शेवटचा पोटभर कधी झोपलास.
हे शेवटचं मला कित्येक वर्षं थट्टाच वाटायचं.

सगळं पाहिलं. क्लच चांगला. फाउंडेशनचे रबर घट्ट.
ड्रेन प्लग काढला. नव्वद नंबरचं तेल
काकवीसारखं सावकाश आलं,
प्लगच्या चुंबकावर लोखंडाची बारीक मिशी,
आणि तेलात पितळेची चमक,
कुणी दागिना किसून टाकल्यासारखी.
सुदामनं बोटावर घेऊन उन्हात धरली. "सोनं."
सोनं असतं तर तू इथं असतास का, मी म्हणालो.

दुपारी अडीचला पेटी खाली आली, जॅकवर डुलत,
झोपलेली म्हैस उचलून आणावी तशी.
झाकण उघडलं. स्प्रिंगा ठीक. गोळ्या ठीक.
तिसऱ्याचे दात टोकाला गोल, पण ते नंतर झालेलं.
तिसरा-चौथा सांभाळणारा फोर्क काढला
आणि अंगठा फिरवला.
एक बाजू कोरी.
दुसरी नखाएवढी खाल्लेली.

फोर्क असा झिजत नाही सहसा.
ढकलायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच त्याचं काम.
कुणी त्याला टेकून बसलं,
चाकण ते बंगळूर, बंगळूर ते चाकण,
तर झिजतो.

मी वर बघितलं.
बडे स्टुलावर बसला होता. समोर काहीच नव्हतं,
तरी डावा हात हवेत, मूठ अर्धी मिटलेली,
दांड्याच्या उंचीवर.

"हात दांड्यावर ठेवता काय, कायम?"

तो हाताकडं बघत राहिला,
कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूकडं बघावं तसा.
मग हळू म्हणाला, "थरथरतो.
शिरवळपाशी झालं त्या रात्रीपासनं.
दांड्यावर असला की वाटतं गाडीच थरथरतीय.
क्लीनरला कळत नाही. मालकालाही."

शिरवळपाशी काय झालं ते मी विचारलं नाही.
मालकाचा फोन आला तेव्हा म्हणालो,
गाडी जुनी, पार्ट झिजला, होतं.
बिलात लिहिलं: फोर्क एक, सिंक्रो रिंग एक,
तिसऱ्याचा गिअर, तेल, मजुरी.

तिसऱ्या दिवशी ट्रायलला देहूरोडपर्यंत गेलो.
मी शेजारी. म्हटलं, हात मांडीवर ठेवा.
"थरथरंल की."
थरथरू दे. इथं कोण आहे बघायला?
पुलाच्या उतारावर त्यानं पाय काढला.
दोघंही कान लावून. इंजिनचा आवाज जड झाला,
दांडा जागचा हलला नाही.
मांडीवरच्या हातानं पँट घट्ट धरली होती.

"कापड झिजंल," मी म्हणालो.
"झिजू दे," बडे म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता,
"कापड स्वस्त आहे."